मीच ती यमुना

माझा जलम कोनचा. ताई, तुमी पुण्याला जाताना एक्स्प्रेस-वे धरता ना, त्याच्या आधी जे कोन नावाचं गाव लागतं तेच, आता तिथं नुसत्या बिल्डिंगी उभ्या हायत, पन माझ्या लहानपनी दारापासून डोंगरापर्यंत भात व्हतं. माझा बापूस पावसाळ्यात शेत लावायचा आनि उन्हाळ्यात खाडीकडं मिठागरावर कामाला जायचा, घरी आला की पायाला मीठ, हाताला मीठ, त्यानी मला उचलून घेतली की माझ्याबी ओठाला मीठ लागायचं. मला भावंड नाय, मी एकलीच, म्हनून लाडाची. नाव यमुना. बापसानी ठेवलं, का ठेवलं ते मी कदी विचारलं नाय, आता विचारायला तोबी नाय आनि आयसबी नाय. पन दुपारी जरा डोळा लागला ना, की तो हाक मारतो, यमुने, ए यमुने, मी ओ देते आनि जागी व्हते, आनि मी कोनला हाय का इथं विचुंब्याला हाय का तिकडं बर्फात हाय, ते घटकाभर कळतच नाय. ती घटका मला लई आवडते, खरं सांगते.

बारावी झाली आनि लगीन झालं. सासर हे विचुंबे, लांब कुठं, रिक्षात बसलं की आलं. पन काय सांगू तुमाला, माझ्या सासूचं नावबी यमुनाच. आता एका घरात दोन यमुना कशा चालतील, आनि नवऱ्यानी बायकोला आयशीच्या नावानी हाक मारायची म्हंजे कसंतरीच. तर सासू बोलली, हिचं नाव प्रणाली. तिच्या ओळखीतल्या कुनाची तरी सून प्रणाली, बँकेत कामाला, तिला ते नाव आवडलेलं. आमी घरात शिरलो, परातीत तांदूळ पसरले, नवऱ्यानी अंगठीनी तांदळात नाव काढलं, बायका हसल्या, मीबी हसली. एकोनीस वर्षांची पोर मी, मला नवी साडी नेसल्यासारखं वाटलं. मंग रेशन कार्ड प्रणाली, मतदानाचं कार्ड प्रणाली, पुढं पासपोर्ट काढला तोबी प्रणाली. यमुना राहिली ती शाळेच्या कागदांवर, आनि ते कागद पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या खाली.

नवरा माझा चांगला व्हता, पळस्प्याच्या नाक्यावर टेम्पो लावायचा, पन्नास मान्सांच्या ओळखी, कुनाचंबी सामान कुठंबी पोचवायचा. काविळीनी गेला. सायली तवा पाच वर्षांची. मी मंग पनवेलला एका दवाखान्यात लागली, आजारी मान्सांचं करायची, त्यांना उठवायची, पुसायची, भरवायची, ते काम मला जमायचं, मान्साला हात लावला की त्याला कुठं दुखतंय ते मला कळतं. तिथल्याच एका सिस्टरनी सांगितलं की परदेशात म्हाताऱ्या मान्सांजवळ राहायला बाया लागतात, कोर्स कर आनि जा. कोर्स केला, इंग्रजी शिकली, तीनदा फॉर्म भरला आनि कॅनडाचं काम मिळालं. सासू मला नको जाऊ बोलली नाय. निघायच्या दिवशी तिनी सायलीला कडेवर घेतली, सात वर्षांची घोडी, तिला कडेवर घेतली आनि आतल्या खोलीत गेली आनि कडी लावली. मी भायेर उभी, गाडीवाला हॉर्न वाजवतोय.

तिकडचं काय सांगू. पयल्यांदा बर्फ बघितला ना, तर मला वाटलं कुनीतरी मीठ काढून ठेवलंय आनि रास करायची बाकी हाय. मी हातमोजा काढून तो बर्फ जिभेला लावून बघितला, वेडीच मी. ज्या म्हातारीजवळ मी राहायची तिला सगळं विसरायला झालेलं, सकाळ का संध्याकाळ ते कळायचं नाय, पन मला बघितलं की खूश व्हायची आनि बोलायची, एलन आलीस? एलन म्हंजे तिची बहीन, कदीची मेलेली. पयले काही दिवस मी बोलायची, मी प्रणाली, मी प्रणाली, तर ती घाबरायची, रडायला लागायची. मंग मी ठरवलं, आपलं काय जातंय. आली मी, बोलायची. तिचे केस विंचरायचे आनि दोघी खिडकीत बसून रहायचो, ती तिच्या लहानपनात, मी माझ्या, भायेर ते पांढरं पडत असायचं. मला तिथं पोरक्यासारखं वाटलं नाय असं नाय, पन त्या खिडकीत नाय वाटलं.

आता कामाचं परमिट असतं ते मुदतीचं. ते संपत आलं की परत अर्ज, परत वाट बघा. पन परमनंट रेसिडन्सी म्हनून असते, आमी बाया त्याला पीआर बोलतो, पीआर मिळाला की तिथं कायमचं राहाता येतं आनि पोरीला आनता येतं. मला तेवढंच पायजे व्हतं. मला तो देश नको व्हता ताई, बर्फ नको व्हता, मला सायली जवळ पायजे व्हती. पन पोर एका वयापुढं गेली की तिला आयशीच्या अर्जात धरत नायत, आनि ती तर फोनवर बघावी तवा वाढलेली, एकदा दोन वेन्या, एकदा केस कापलेले, एकदा ओढनी, एकदा चष्मा. मी फोन ठेवला की वाटायचं, आता ही कुनाची पोर?

तो फॉर्म म्हंजे माझ्या जलमाची झडती. दहा वर्षांत कुठं राहिलात, काय केलंत, महिना महिना लिहायचा, एक महिना रिकामा सोडलेला चालत नाय. सुट्टीच्या दिवशी मी लायब्ररीत बसून भरायची. त्यात एक प्रश्न व्हता, तुमाला दुसरं कुठलं नाव व्हतं का? मी लिवलं, नाय. देवाशप्पथ सांगते, मी लपवलं नाय. मला खरंच वाटलं नाय की मला दुसरं नाव हाय. यमुना म्हंजे माझं दुसरं नाव नवतंच, यमुना म्हंजे कोनला राहानारी एक पोर, तिचं लगीन झालं आनि ती संपली. आनि गंमत बघा, शिक्षनाचा पुरावा म्हनून त्याच अर्जाला मी माझ्या हातानी यमुनाची बारावीची मार्कलिस्ट जोडली. मला कायसुद्धा वावगं वाटलं नाय. आपल्याकडं कुनाही बाईला विचारा, तिलाबी वाटलं नसतं.

मागच्या वर्षी मी सुट्टीवर इथं आलेली आनि मोबाईलवर पत्र आलं. सायलीनी वाचून दाखवलं, तिचं इंग्रजी माझ्याहून चांगलं. ही मार्कलिस्ट कुनाची? त्या बाईचं आनि तुमचं नातं काय? तुमी खोटी माहिती दिली असं आमी का समजू नये? एका महिन्यात पुराव्यासकट उत्तर द्या, नाय तर अर्ज रद्द, आनि पुढची काही वर्षं परत अर्ज करायचा नाय. तेवढ्या वर्षांत सायलीचं वय निघून गेलं असतं. सायली वाचता वाचता थांबली आनि बोलली, आई, पन तूच ना ती? मी बोलली, मीच ग बाय. आनि बोलताना माझी मलाच खात्री वाटेना.

पनवेलला एक वकीलीनबाई हाय, तरुन हाय, तिच्याकडं गेली. ती बोलली, लग्नाची नोंदनी? नाय केलेली. नवरा? नाय. आई-वडील, भाऊ, बहीन? कुनी नाय. लग्नपत्रिका सापडली, तिच्यावर यमुना, प्रणाली कुठंच नाय. अल्बम नेला. त्यात परात दिसते, तांदूळ दिसतात, आनि अक्षरांवर नेमका माझाच पदर. लग्नात धवले गायला जी बाय व्हती, आमच्याकडं तिच्याशिवाय लगीन लागत नाय, तीबी वारलेली. मंग वकीलीनबाई बोलली, नाव बदललं कुनी? मी बोलली, सासूनी. जिवंत हायत? हाय. मंग त्यांना आना, त्यांनी शपथेवर सांगायला पायजे की ही तीच.

मी घरी येऊन सासूला सांगितलं. ती अंगनात सुकट निवडत बसलेली. तिनी मान वर केली नाय. बोलली, मला काय आठवत नाय. ताई, माझी सासू म्हंजे, कुनाच्या बारशाला कुनी कुठल्या रंगाचं टोपडं आनलं ते सांगेल, आनि तिला आठवत नाय! मी भडकली. लई बोलली मी तिला, बोलू नये ते बोलली, तुमाला माझी पोर द्यायची नाय म्हनून तुमी असं करता, दहा वर्षं मी तिकडं मान्सांची घान काढली ती कुनासाठी? ती फक्त सुकटीतले खडे काढत राहिली. आनि खरं सांगू का, माझंच मला लागलं नंतर. कारन सायलीला न्हाऊ घातली तिनी, तापात उशाशी बसली ती, शाळेत सोडली तिनी. तिनी सही केली की तिच्याच घरातून पोर जानार. मी तिच्याकडं काय मागत व्हती ते मला कळत व्हतं.

चार-पाच दिवस असेच गेले. दिवस कसे गेले तेबी मला नीट आठवत नाय, मी नुसती दारात बसायची, समोरच्या नव्या बिल्डिंगीची सावली सरकत सरकत आमच्या तुळशीवर यायची, तेवढं बघायची. एका दुपारी सासू माझ्या बाजूला येऊन बसली. बोलली, तिकडं तुला काय म्हनून हाक मारतात? मी बोलली, ऑफिसवाले प्रणाली बोलतात, पन त्यांना नीट येत नाय, आनि म्हातारी एलन बोलते. ही एलन कुठली? मी सगळं सांगितलं, ती मेलेली बहीन, ते रडनं, ते केस विंचरनं. सासूनी ऐकून घेतलं. मंग बोलली, म्हंजे तिथंबी दुसऱ्याचंच नाव. एवढंच बोलून उठली, चुलीवर पानी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता बोलली, त्या वकिलाकडं कवा जायाचं?

लग्नाला नेसतात तशी नऊवारी नेसून आली, नाकात नथ नाय तेवढीच. वकीलीनबाईनी कॉम्प्युटर लावला आनि बोलली, आजी, पूर्न नाव सांगा. सासू बोलली, आताचं का पयलंचं? आमी दोघी तिच्या तोंडाकडं बघायला लागलो. ती बोलली, माझ्या माहेरी मी सोनी. इथं आली तवा सासऱ्यानी यमुना केली. मी बावीस वर्षं तिच्या घरात, ताई, एका ताटात जेवलेली, मला हे म्हाईत नवतं. सायलीलाबी म्हाईत नवतं. मंग तिनी सगळं सांगितलं, तारीख नाय सांगितली, पन वार सांगितला, परातीत कुठले तांदूळ व्हते ते सांगितलं, दारात कुन्या कुन्या बाया व्हत्या त्यांची नावं सांगितली. आनि शेवटी बोलली, यमुना हे नाव माझं नवतं, तरी माझं म्हनून मी हिच्याकडनं काढून घेतलं. हिचं तर बापसानी ठेवलेलं. ते लिवा. वकीलीनबाई बोलली, आजी, एवढं लिहायची गरज नाय. सासू बोलली, मी सही करतेय ना? मंग लिवा.

तर ते इंग्रजीत तसंच लिवलं गेलं आनि तिकडं गेलं. खाली सही यमुना, कारन तिला तेवढंच लिवता येतं. रिक्षात बसल्यावर मी तिचा हात धरला, तिनी सोडवला नाय.

मी परत कामावर गेली. किती महिने गेले, मला तर एक लांबच लांब दुपार गेल्यासारखं वाटतं. आनि एक दिवस म्हातारीला सूप भरवताना मोबाईल वाजला, अर्ज मंजूर, तुमचा आनि मुलीचा. मी वाटी खाली ठेवली आनि रडायला लागली. म्हातारीनी माझ्या डोक्यावर हात फिरवला, रडू नको एलन, बोलली. मी बोलली, नाय रडत.

आता मी सायलीला न्यायला आलेय. पुढच्या आठवड्यात जानार आमी. सासूला त्या अर्जात जागा नाय, सुनेच्या कागदावर सासू बसत नाय, मी लई विचारून बघितलं. माझी ननंद येऊन राहील तिच्याजवळ, मीबी येत जाईन, पन हे आपन आपल्या समाधानासाठी बोलतो. जिनी मला तिथं कायमची केली ती इथं एकली राहानार, हे मला सोसत नाय. तिला बोलली तर ती बोलते, मी काय लहान हाय का, जा, सुखाची रहा.

आज सकाळी ती उंबऱ्यात बसून सायलीचे केस विंचरत व्हती. वेनी घालता घालता तिला बोलली, तिकडं कुनाशीबी लगीन कर, गोरा असू दे, काळा असू दे, मी काय बोलनार नाय, फक्त नाव बदलू देऊ नको. सायली बोलली, का ग आजी? सासू बोलली, कागदाला लई तरास व्हतो.