उथळ्याखालचा रुपया

सूर्यभान वल्द नत्थुजी माळी, वय ५१ वर्षे, धंदा बागाईत, राहणार माळीपुरा, मोर्शी, जिल्हा अमरावती. तारीख ८ फेब्रुवारी १९३४.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वडील वारल्यावर सहा खणांच्या घरात मला व धाकटा भाऊ देवीदास याला तीन-तीन खण आले. गेल्या साली मी माझ्या बाजूच्या परसात, माझ्या खर्चाने आणखी तीन खण वाढवले. मुलगी शकुन पहिल्या बाळंतपणाला येणार होती, तिच्यासाठी खोली हवी होती.

पत्नी मनकर्णा म्हणाली होती, साध्या विटांच्या भिंती घाला, वर टिना टाका. मी ऐकले नाही. जुन्या घराला ठिगळ दिसू नये, ही माझी हौस. मिस्त्री चंद्रभान याच्याकडून तसेच सागवानी खांब, वर तशीच कोरीव केळफुले, खाली तसेच दगडी उथळे करवून घेतले. तरी लाकूड नवे दिसे, म्हणून तेल-काजळी चोळली. तीही मीच चोळली.

परवा सकाळी मी बागेत असताना देवीदासने नव्या खोलीत कापूस भरून आपले कुलूप लावले. म्हणतो, "घर बाबाच्या वक्तापासूनच नऊ खनाचं हाय. दादानं निस्ती डागडुजी केली. माही अर्धी वाटनी द्या." बांधकाम चालू असता शेजारी रोज माझी तंबाखू खात बसत. आता म्हणतात, भावाभावाच्या भांडनात आमी कायले पडू! पंच खुशालराव यांनी सगळ्या खांबांवरून हात फिरवला आणि एकाच हातचे काम म्हणून वाखाणले. कपाळ माझे!

मिस्त्री काम संपवून परमुलखात गेला, त्याचा ठिकाणा नाही. आता पुरावा एकच आहे. आमच्याकडे खांब उभा करताना उथळ्याखाली चालू बादशहाचा रुपया ठेवतात. माझ्या खांबांखाली पंचम जॉर्जचा आहे. वडील वारले तेव्हा तो गादीवरही आला नव्हता. चौकशीला आलेले पोलीस जमादारसाहेब म्हणाले, मग खांब उचलून दाखवा. खांब उचलला की वरचे धाबे खाली येते. हे देवीदासला ठाऊक आहे, म्हणून ओट्यावर बसून हसतो. "उचल ना दादा, कोन नाही म्हनते?"

शकुन काल आली. दिवस भरले आहेत. उघड्या ओसरीत पडून आहे.

मनकर्णाला विचारले. ती म्हणाली, "उचला. खोली पडली तं आपली, उभी राह्यली तं त्याइची."

तरी उद्या पंचांसमोर खांब उचलावा, माझी हरकत नाही. कापूस मात्र आतच राहू द्यावा.

लिहिलेले मला वाचून ऐकवले. मी बोललो तसेच आहे, कापसासुद्धा. म्हणून सही करतो.