रँड टॉलिव्हरची बायको

नाही, आत नका जाऊ, मिस्टर हॅस्किन्स – इथंच व्हरांड्यात बसा, आणि जरा हळू बोला, त्या खिडकीमागं माझा नवरा टाइप करतोय. कॉफी घ्या. – हो, समजलं तुम्ही कोण ते. रँड टॉलिव्हरच्या नावावर पुढची कादंबरी तुम्ही लिहिणार, आणि त्यातला शेरीफ लंगडतो तो कुठल्या पायानं, एवढं विचारायला फिनिक्सहून टक्सनला आलात. भले आहात. दुसऱ्या कुणी कुठलाही पाय लंगडा करून टाकला असता. – आमच्या वेन्डेलनंही तेच केलं म्हणा, आजवर त्या नावानं तोच लिहीत आलाय. एका पुस्तकात डावा, पुढच्यात उजवा. वाचक चिडले, तशी त्यानं त्याच्यापुढच्यात दुसऱ्या पायातही गोळी घातली. मिटलं भांडण.

तुम्हाला वाटलं, त्याला माहीत आहे. साहजिकच आहे. संपादकांनी सांगितलं असेल, बोलणं झालंय – झालंय ना, माझ्याशी झालंय. गुरुवारी फोन आला तेव्हा वेन्डेल अंघोळीला गेला होता. म्हणाले, टॉलिव्हरच्या गोष्टी छापणारं मासिक बंद होतंय, आता नुसती खिशात मावणारी स्वस्त पुस्तकं, त्यासाठी झपाझप हात चालणारा तरुण माणूस हवा. टॉलिव्हर हे नाव कंपनीचं, कंपनी ते हवं त्याला देणार, करारात पहिल्यापासून तसंच आहे. तुम्हीच हळुवार सांगा, मिसेस पार्डी, बायकोच्या तोंडून बरं वाटतं. – लग्नाला पाच महिने नाही झाले हो. त्याला अंडी कशी आवडतात तेही अजून मला धड कळलेलं नाही, आणि हे मी हळुवार सांगायचं. हो म्हटलं मी. टॉवेल गुंडाळून तो बाहेर आला, कुणाचा फोन म्हणाला – आणि मी म्हटलं, राँग नंबर.

काउबॉयच्या कादंबऱ्या लिहितो, पण घोड्यावर तो कधी बसलेला नाही, माहीत आहे? घोडा जवळ आला की शिंका येतात. ओहायोत भूमिती शिकवायचा. वाळवंट एकदा बघायचंय म्हणून लग्नानंतर इथं आलो, आणि तेव्हापासून त्या खोलीचा पडदा बंद, कागदावर ऊन येतं म्हणे. – हसा की, मीही हसते. जितके शब्द तितके पैसे, म्हणून त्याच्याकडे गोळी लागलेला माणूस दोन पानं बोलल्याशिवाय मरत नाही. पण दुकानात कुणी भेटलं ना, तर 'माझी बायको' नाही म्हणत तो. 'ही रँड टॉलिव्हरची बायको' म्हणतो. आणि दुकानदार टोपी काढतो. आता त्या हिशेबानं मी – तुमची? – माफ करा. तसं नव्हतं म्हणायचं.

तुमचा काय दोष. नाही म्हणा असं मी कशाला म्हणू, तुम्ही नाही म्हणालात तर तिसरा येईल. – खरं तर तेच म्हणणार होते. तुम्ही नाव सांगितल्यापासून तेच घोळतंय मनात. पण तुमचीही पोरंबाळं असतील. – आहेत ना. बघा. – हातातली कादंबरी आज-उद्या संपेल, ती तरी सुखानं संपू दे म्हटलं. मग तो पाठवेल, मग ती परत येईल, आणि मग मला काही सांगावंच लागणार नाही, असं – असं नाही ठरवलं मी. झालं आपलं तसं.

थांबा. खुर्ची सरकली. उठा, कॉफी राहू द्या – वेन्डेल, हे विम्याचे गृहस्थ, निघालेच होते. – नको रे, त्यांना उशीर होतोय. – अरे, त्यांना काय कळणार त्यातलं –

गेला कागद आणायला. संपली म्हणतो. शेवटचं प्रकरण कुणा परक्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय पाठवत नाही तो. मागच्या वेळी दूधवाल्याला बसवलं होतं. – आता कुठं निघालात? तुम्हाला दारातून जाताना बघून त्याला काय वाटेल? बसा. टोपी खाली ठेवा. आणि ऐकून झालं की चांगलं झालंय म्हणा. – नाही, म्हणू नका. खरंच चांगलं असलं तर मग – तुम्हीच ठरवा काय ते, मला नाही –

आला.