काम दोघांचं, तपासणी एकीची!

...आणि वर मलाच म्हणतात, म्हाताऱ्याला लाज नाही! अहो, कसली लाज? लाज धरून बसलो असतो तर हा आमचा सुबोध तरी जन्माला आला असता का? तुम्हाला सांगतो, आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगीत हल्ली मी लिफ्टमध्ये शिरलो की बायका पदर सावरतात आणि पुरुष मोबाईल काढतात, जसं काय मी कोणाच्या घरी चोरी केली! केलं काय मी? खरं बोललो. देवापुढे बोललो. जरा मोठ्याने बोललो, बस!

सुबोध म्हणजे माझा मुलगा, तेजल त्याची बायको. लग्नाला बरीच वर्षं झाली, पोर नाही. नाही तर नाही! मी काही बोललो होतो का? पण माझी बहीण चंपा... ती राहते वाकोल्याला, पण तिचा आवाज दिवसभर आमच्या स्वयंपाकघरात, फोन स्पीकरवर टाकलेला. "रत्नप्रभा, सुनेला अमक्या बाबाचा अंगारा दे गं... रत्नप्रभा, तिला पपई देऊ नको गं... रत्नप्रभा, ती कामावर जिने फार चढते का गं?" आणि रत्नप्रभा, म्हणजे आमची ही, सगळं करते हो! त्या पोरीला अंगारा काय, काढा काय, आणि डॉक्टर तर विचारू नका. एक झाला की दुसरा. रक्त काढलं, सोनोग्राफी केली, एकदा तर पिशवीच्या नळ्यांत रंग सोडून फोटो काढला, तेव्हा पोरगी घरी आली ती भिंतीला धरून धरून. आणि हा आमचा सुबोध तेव्हा कुठे? जिममध्ये! मी चौथी नापास गिरणी कामगार, पण एवढं मलाही कळतं... काम दोघांचं, तपासणी एकीची! ह्याला काही अर्थ आहे का?

शेवटची डॉक्टरीणबाई चांगली होती, तिने स्पष्ट सांगितलं, "हिचं सगळं छान आहे. आता मिस्टरांना पाठवा. डबीत नमुना द्यायचा. दुखत नाही, खुपत नाही." तर मिस्टर काय म्हणाले? "मला काय झालंय?" असं म्हणून बाही वर करून दंड दाखवला! अरे, दंडाने पोरं होतात का? छाती तर अशी फुगवलेली की शर्टाची बटणं जीव मुठीत धरून बसलेली असतात!

मी त्याला प्रेमाने समजावलं हो. म्हटलं, अरे गाढवा, गावाला आपण भात पेरायच्या आधी बी मिठाच्या पाण्यात टाकतो, पोचट असेल ते वर तरंगतं. शेताला शिव्या देण्याआधी बियाणं बघतात रे! तर तेजल आतून ओरडली, "बाबा, मी शेत नाही!" म्हटलं, अगं पण मुद्दा तुझ्याच बाजूचा आहे ना! "मुद्दा ठेवा, शेत काढा!" काढलं. सुनेपुढे कोणाचं चालतं? पण मुद्दा तोच... काम दोघांचं, तपासणी एकीची!

मग एक दिवस चंपा फोनवर बोलली, तेही स्पीकरवर, "रत्नप्रभा, खेडचं एक स्थळ आहे गं. मुलीच्या घरात सगळ्यांना भरपूर पोरं. सुबोधसाठी विचारून ठेवू का?" आणि तेजल तिथेच उभी, कणीक मळत. हात धुतले, स्टुलावर चढली आणि पोटमाळ्यावरची बॅग खाली काढली. रत्नप्रभा बघत राहिली, सुबोध बघत राहिला, आणि तुम्हाला सांगतो, पोरगी जाणार, आणि जाणार ती दुसऱ्याचा दोष डोक्यावर घेऊन! मी म्हटलं, तेजल, उद्या बिल्डिंगीची सत्यनारायणाची पूजा आहे, तेवढी होऊ दे. मग तुला जायचं असेल तर बॅग मी स्वतः खाली नेऊन देतो.

आता आमच्या कोकणातल्या माणसांत पूजा झाली की गाऱ्हाणं घालतात. म्हणजे एकाने देवाला मोठ्याने सांगायचं, बाबा रे असं असं आहे, तू बघ, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" आमच्या बिल्डिंगीत ते मी घालतो, माझा गळा गिरणीच्या भोंग्यासारखा म्हणून. चंपा वाकोल्याहून नटूनथटून आलेली. सगळ्यांच्या देखत तिने तेजलच्या पदरात नारळ टाकला आणि म्हणाली, "दादा, आज गाऱ्हाण्यात सांग, सुनेची कूस उजवू दे!" तेजलची मान अशी खाली... मी म्हटलं, सांगतो की! अगदी व्यवस्थित सांगतो.

आणि एक गोष्ट ध्यानात घ्या, गाऱ्हाणं कोणी ऐकत नाही! सगळ्यांचा जीव शिऱ्यात. 'म्हाराजा' कानावर पडलं की तोंड आपोआप उघडतं. मी केली सुरुवात.

"बा देवा म्हाराजा! आज जी काय तुझी सेवा झाली, ती गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या सुनेक डॉक्टरांनी धा वेळा तपासली, तिच्यात काय एक खोट नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आता माझ्या झिलाक, ह्या सुबोधाक बुद्धी दी, आणि येत्या सोमवारी तो आपला वीर्य तपासूक जाऊंदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अख्खी बिल्डिंग! सगळ्यांत मोठा आवाज चंपाचा! आणि सुबोध... मोबाईलमध्ये डोकं घालून तोही म्हणाला, "व्हय म्हाराजा!" मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडला, आपण कशाला व्हय म्हटलं ते, आणि कोणाच्या तरी हातातला शिऱ्याचा द्रोणच पडला. सेक्रेटरी खोकायला लागला. तेजलने पदर तोंडाला लावला... मला वाटलं रडते, तर हसत होती!

सुबोध घरी आल्यावर नाचला, "बाबा, इज्जतीची वाट लावलीत! मी जाणार नाही!" आणि त्याला गप्प कोणी केलं माहीत आहे? चंपाने! देवाला भिणारी बाई ती. "देवापुढे व्हय म्हटलंस ना मेल्या? आता नाही गेलास तर कोप होईल सगळ्या घरावर! गुमान जा!"

गेला. मीपण गेलो, वाटेत पळाला तर? डॉक्टरीणबाईने मग आम्हाला बसवून सांगितलं की नमुन्यात जवळजवळ काहीच नाही, आणि विचारलं, "जिममध्ये इंजेक्शनं घेता का?" हा छताकडे बघतो! घेत होता! तिथला तो ट्रेनर विशाल टोचत होता, अंग भरायला. बाई म्हणाल्या, पुरुषाचं हार्मोन बाहेरून मिळालं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, आणि मग शरीर आपलं काम थांबवतं, बीज तयार होत नाही. अहो, हे मला समजवायची गरजच नव्हती! बाहेरून तयार माल आला की गिरणीला टाळं... त्या टाळ्यासमोर मी स्वतः उभा राहिलोय! फक्त आमची गिरणी परत चालू झाली नाही. ह्याची बहुतेक होईल म्हणाल्या, इंजेक्शनं बंद करा आणि धीर धरा.

मर्द दिसायला टोचून घेतलं, आणि बाकी सगळं सोसलं कोणी? तेजलने! काम दोघांचं, तपासणी एकीची, अंगारे एकीला!

असो. इंजेक्शनं सुटली, छाती उतरली, शर्टाच्या बटणांनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि सुबोधने पहिल्यांदा बायकोची माफी मागितली, आमच्यासमोर. बॅग परत पोटमाळ्यावर गेली. काही महिन्यांनी बाई म्हणाल्या, "उत्तम! आता काहीच अडचण नाही." मी तर मनातल्या मनात नातवाला बागेत फिरवायला लागलो!

तर तेजल म्हणते, "बाबा, आता मला इतक्यात नको. एवढी वर्षं सगळे माझ्या पोटाकडे बघत होते. थोडे दिवस मला माझं पोट माझ्याकडे हवंय." बोला! रत्नप्रभाने माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी काहीतरी बोलावं म्हणून. मी म्हटलं, पोरगी चुकीचं बोलली का? पुढे म्हणते, "आणि गोळी मी खाणार नाही, तांबी मी बसवणार नाही. माझी पाळी झाली, आता सुबोधची." सुबोध म्हणाला, "चालेल." चालेल म्हणाला, पण खालच्या मेडिकलवाल्या चंद्रप्रकाशकडे कंडोम मागायला ह्याला लाज वाटते! लहानपणापासून ओळखतो म्हणे.

मग जातो कोण? मी! ह्या वयात! काल दुकानात ही गर्दी, आणि तो चंद्रप्रकाश चष्मा वर करून विचारतो, "काका... तुम्हाला?" म्हटलं, "नाही, सत्यनारायणाला! दे गुमान!" आता सांगा, ज्या नातवासाठी अख्ख्या बिल्डिंगीत निर्लज्ज ठरलो, तो एवढ्यात येऊ नये म्हणून पाकिटं आणायची मीच... आणि निघालो की रत्नप्रभा मागून ओरडते, "जाताच आहात तर कोथिंबीरपण आणा!"