रफीकचाचा ग्रुपमध्ये होते

चूक आमच्या मोठ्या बाबांची, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची. आधीच सांगून टाकतो, कारण घरात अजूनही सगळे बैलालाच दोष देतात.

पोळ्याला दहा दिवस होते. मोठ्या बाबांनी गावाच्या ग्रुपवर टाकलं, 'हिंदूंनो, आपला छळ होत आहे. त्यांना काम देऊ नका.' त्याच ग्रुपमध्ये रफीकचाचा होते. ते घाटंजीहून येऊन आमच्या बैलांना नाल ठोकायचे. निरोप देता यावा म्हणून मोठ्या बाबांनीच त्यांना ग्रुपात घेतलं होतं. चाचा ग्रुपातून बाहेर पडले.

मी विचारलं, "मोठे बाबा, गावात आपली घरं किती?"

"तीनशे."

"अन् त्यायची?"

"एकही नाही."

"मंग तुमाले छळून कोन राह्यलं?"

"तू कॉलेज सोडून घरी बसला, तुले काय समजते? भेव घरं मोजून लागते का बे?"

भीती खरीच होती. फोन पाहून पाहून त्यांचं जेवण सुटलं होतं.

दोन दिवसांनी जोडीतल्या ढवळ्या बैलाची नाल निघाली.

"चाचाले फोन लावा," मी म्हटलं.

"कोन्त्या तोंडानं लावू?"

डांबरी रस्त्यावर चालून चालून खूर फाटला, तेव्हा मीच फोन लावला. चाचा तासाभरात आले. खूर हातात घेऊन म्हणाले, "अब नाल नहीं बैठेगी, बेटा. देर कर दी."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्या बाबांची जोडी पोळ्याच्या तोरणाखाली उभी राहिली नाही.