इचोड्याचे पाहुणे

आमच्या प्रणालीचं लग्न थांबलं कसं, ते ऐकाच. ती कुटुंबशास्त्राची पदवी करतेय. शेवटचं वर्ष बाकी असताना ह्यांनी इचोड्याच्या दुकानदाराचं स्थळ आणलं. लग्न ठरलं की शिक्षण सुटणार, म्हणून मला ते नको होतं.

मुलगी पाहायला आलेल्या मुलाच्या आईनं विचारलं, "कॉलेजात काय शिकवतेत वं?"

प्रणाली म्हणाली, "घरोघरी जाऊन इचारा लागते, भांडण झालं तर ते मिटवाले आधी कोण बोलते?"

"आमच्या घरी मीच बोलतो," मुलाचे वडील म्हणाले.

"कधी? पोळ्याले आठ दिवस फुगून कोण होतं?" मुलाची आई म्हणाली.

दोघं भांडत भांडतच गाडीत बसले, लग्नाचं बोलणं राहूनच गेलं.

हे पाहुण्यांना निरोप देऊन आत आले. मग म्हणाले, "पोरी, शेवटलं वर्ष कर तू."

माझा जीव भांड्यात पडला.

हे पुढं म्हणाले, "फक्त तो प्रश्न आमाले इचारू नको."