उलट्या दाराची फियाट

या मंडळी, या! मागच्यांनी थोडं पुढं सरकावं. प्रसाद पुढून वाटायला सुरुवात होते, एवढंच सांगून ठेवतो. — बघा, सरकले लगेच! आणि आता विचारलं, "काय हो, प्रसादासाठी सरकलात का?" तर म्हणतील, "छे छे बुवा, ऐकू येत नव्हतं!"

हाच आजचा प्रश्न! जे मनापासून हवं असतं, ते हवंय म्हणायला माणूस का लाजतो? चोरी केली तर लाज नाही, लबाडी केली तर लाज नाही — आणि "मला हे हवं आहे" म्हणायचं तर मान खाली! का?

पेटीवाले, सूर द्या.

हवे ते न बोले। ओठ मिटलेले।
दार कोणी खोले। बाहेरून॥

आमचंच जोडकाम आहे, गोड मानून घ्या. तर ऐका!

वाईत एक भालूनाना तांबट होते. भांड्यांचं दुकान. हातात हातोडी अशी, की तांब्याचा पत्रा त्यांना बघून आपणहून वाकायचा! पण नानांची खरी ख्याती निराळी. भाव पाडण्यात त्यांचा हात धरणारा कृष्णाकाठी कोणी नव्हता. त्यांचं शास्त्र साधं. जी वस्तू हवी, तिच्याकडे बघायचं नाही. बघितलीच तर नाक मुरडायचं. मालक भाव सांगेल, तेव्हा म्हणायचं — "राहू द्या, मला काय!" आणि चालायला लागायचं. चार पावलांत मागून हाक येते. येतेच!

त्यांच्या दारात एक जुनी फियाट होती. दुधी रंगाची, उलट्या दाराची. नव्या मंडळींना ठाऊक नसेल — त्या जुन्या फियाटला पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असायच्या. दार उघडलं की समोरून येणाऱ्याच्या पुढ्यात सरळ उघडायचं, जसं काही 'या' म्हणतंय! याच गाडीतून नानांनी इंदूकाकूंना लग्न करून आणलं. पुढं फांदी पडून डावं दार वाकलं, चालत्या गाडीत लागेना. मग इंदूकाकू दोरी धरून बसायच्या. म्हणायच्या, "अहो, हे दार एकदा बदला ना." नाना म्हणायचे, "बघू."

लेक वासंती नाशिकला. तिचं बाळंतपण आलं. नानांनी काकूंना त्याच गाडीतून स्टँडवर सोडलं. काकूंनी विचारलं, "महिन्या-दोन महिन्यांनी येऊ ना?" आणि नाना काय म्हणाले असतील?

"ये सवडीनं. मला काय!"

झालं! बाळ रांगायला लागलं, चालायला लागलं. काकू फोनवर विचारायच्या, "येऊ का हो?" नाना म्हणायचे, "तुझी मर्जी." बाईमाणूस तरी काय करणार? तिला वाटलं, ह्यांचं माझ्यावाचून काही अडत नाही.

अडत नाही? अहो, नानांचा चहा दोन कपांचा व्हायचा आणि एक कप निवून जायचा! संध्याकाळी हा माणूस गाडीत जाऊन बसायचा. काकू गेल्यापासून बंद पडलेल्या गाडीत! शेजारच्या रिकाम्या सीटला सांगायचा, "आज भाजीवाल्यानं फसवलं गं." सीट काय बोलणार? सीटवर ती दोरी तेवढी पडलेली.

एके दिवशी उठले आणि म्हणाले, गाडी नवी करतो. कुणासाठी, ते स्वतःलाही सांगितलं नाही हं!

मग सुरू झाली भंगाराची तीर्थयात्रा! सातारा, कराड, सांगली. सिकंदर भंगारवाल्याच्या वखारीत समोर फियाटचा अस्सल दिवा पडलेला. नानांनी आधी बादलीचा भाव विचारला. मग घमेल्याचा. मग जाता जाता, "आणि हे काय? मांजराला दूध घालायला बरं पडेल." मांजराला! असा तो दिवा घरी आला. असाच कार्ब्युरेटर आला, असाच आरसा आला. शेवटी इंजिन सुरू झालं तेव्हा म्हणे कृष्णेवरचे बगळे जे उडाले, ते पाचगणीला जाऊन बसले! — हसू नका, बसलेले बगळे मी पाहिलेत.

राहिलं एकच. डावं दार. उलटं दार दुसऱ्या कुठल्या गाडीचं बसत नाही. आणि दाराशिवाय ती सीट कशी? आणि सीटशिवाय... असो.

सिकंदर म्हणाला, "नाना, तसली गाडी मी एकच बघितलीय. म्हसवडच्या अलीकडं, येसाबाईच्या वस्तीवर. पण तिच्यात कोंबड्या राहतात."

नाना एसटीनं पोचले. बाभळीखाली गाडी! मागच्या सीटवर खुडूक कोंबडी, स्टेअरिंगवर कोंबडा — ऐटीत, जणू पुण्याला निघालाय! आणि डावं दार? जसंच्या तसं! नानांच्या छातीत असं धडधडलं, की कोंबडा दचकून खाली उतरला.

पण चेहरा? चेहरा दगडाचा!

"बाई, अंडी कशी दिली?"

"इकायची न्हाईत."

"बरं. हे काय पत्र्याचं पडलंय?"

"गाडी हाय. मालक गेलं, तवापास्नं हितंच."

"पार कुजलीय की! ते दार तर बघवत नाही. नेऊ का उचलून? तेवढीच तुमची अडगळ कमी."

येसाबाईनं वर बघितलं. "कुजलंय म्हंता?"

"अगदीच."

"मंग तुमच्या कामाचं न्हाई?"

"छे! मला काय!"

"मंग ऱ्हाऊ द्या. माझ्या कोंबड्यांच्या कामाचं हाय. रातीचं मुंगूस येतंय."

आणि बाई दळण निवडायला बसली! नाना चालायला लागले. एक पाऊल, दोन, तीन, चार. हाक नाही! चप्पल झटकल्यासारखी केली. हाक नाही! बांधावर थांबून धोतराचा सोगा नीट केला. फाट्यावर आले, एसटी आली, नानांनी पायरीवर एक पाय ठेवला आणि मागं वळून बघितलं...

मंडळी, तिथंच! पाय पायरीवर, मान मागं — आणि नानांच्या डोळ्यांसमोर वाईचा स्टँड उभा राहिला. इंदू अशीच निघाली होती. अशीच हळूहळू. पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली होती. पायरीवर एक पाय ठेवून तिनंही असंच वळून बघितलं होतं. नाना तेव्हा बघून न बघितल्यासारखं करत गाडीची काच पुसत होते!

ती हाकेची वाट बघत होती हो!

कंडक्टर ओरडला, "आजोबा, चढा नाहीतर उतरा!" नाना चढले.

घरी येऊन त्यांनी आपलं ते वाकडं दार काढलं. खाली जिथं गंजून भोक पडलं होतं, तिथं तांब्याचा पत्रा ठोकून बसवला — मुंगसाचं नखसुद्धा शिरू नये असा. आणि एका दुधाच्या टेंपोत दारासकट बसून पुन्हा येसाबाईच्या अंगणात उभे!

"आता काय न्यायचं ठरलं?" ती म्हणाली.

नानांनी दार खाली ठेवलं. अख्ख्या आयुष्यात न केलेला सौदा! "बाई, मी खोटं बोललो. दार चांगलं आहे. फार चांगलं आहे. मला ते हवंय. माझी बायको त्या जागेवर बसायची. ती गेलीय लेकीकडे. मी तिला राहा म्हणालो नाही, ये म्हणालो नाही. दार नसलं तर मी तिला कुठल्या तोंडानं आणू?"

येसाबाई उठली. नानांनी आणलेल्या दारावर बोटानं टकटक केलं आणि नाक मुरडलं. "ह्ये तर वाकडं हाय. पार कुजलंय. बघवत न्हाई!" — आणि पदर तोंडाला लावून अशी हसली म्हणता! मग म्हणाली, "न्या ते चांगलं दार. पर आता मला जे सांगितलंसा, ते तिला सांगा. माझ्या कोंबड्यांना ऐकवून काय उपेग?"

त्या दिवसापासून तांब्याच्या दाराआड राहणाऱ्या कोंबड्या अख्ख्या माणदेशात तेवढ्याच!

दार बसलं. खट्कन लागलं. नानांनी नाशिकला फोन लावला.

"काय हो? बरं आहे ना सगळं?"

"हो, सहज केला—" जीभच ती, जुन्या वाटेनं निघाली! नानांनी तिला मागं ओढलं. "नाही. सहज नाही. इंदू, मला करमत नाही. मला तू हवी आहेस. ये."

पलीकडे काकूंच्या हातातला नातवाचा खुळखुळा खाली पडला.

"हे कुठं शिकलात?"

"कोंबड्यांकडे."

"मग एसटीनं नाही यायची मी. न्यायला या."

निघाली गाडी! घाटात तापली, पाणी प्याली, पुन्हा निघाली. नाशिकला लेकीच्या फाटकाशी वळली, तर रस्त्याकडेला काकू उभ्या! ठेवणीतली जरीची साडी, केसांत अबोलीचा गजरा, पायाशी बांधलेली पिशवी. नानांना बघितलं आणि झट्दिशी तोंड फिरवलं.

"मी काही वाट बघत नव्हते हो! कचरा टाकायला आले होते."

जरीची साडी नेसून! गजरा माळून! कचरा!

नानांनी आतून हात लांबवून डावं दार उघडलं. ते काकूंच्या पुढ्यात सरळ उघडलं. काकूंनी सवयीनं दोरी शोधली. नव्हती. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "धूर फार करते हो तुमची गाडी."

मंडळी, आता तुम्ही! तुम्ही देवळात येता, घंटा वाजवता, "काही मागणं नाही देवा, सहज आलो होतो" म्हणता आणि चालायला लागता. आतला तोही तसलाच! नटून, माळ घालून उभा, आणि विचारलं तर म्हणेल, "मी कुठं वाट बघतोय? सहज उभा होतो!" दोघांपैकी एकानं तरी हाक मारावी की नाही?

आता उठा. चपला आपापल्याच घाला. आणि घरी जाऊन, ज्याला हाक मारायची राहिली असेल, त्याचं नाव आधी मोठ्यानं घ्या. देवाचं मागाहून घेतलं तरी चालेल. तो थांबेल. त्याला वाट बघायची सवय आहे.