माकडाचा आवाज

लग्नानंतर महिनाभर कोल्हारच्या घरात माझ्यावर एक आळ होता बघा. सासरे संध्याकाळी बातम्या बघायला टीव्ही लावायचे, तर कार्टूनमधलं माकड उड्या मारत असायचं. सासूबाई माझ्याकडे बघायच्या. “दुपारी दुसरं कोन बसतंय हितं?”

दुपारी मी झोपते, हे सांगणं त्याहून वाईट.

त्या माकडाचा सिनेमा आला. माझी हौस म्हणून ह्यांनी नगरला नेलं. सासूबाई ‘सोबतीला’ आल्या. माकडानं पडद्यावर तोंड उघडलं मात्र, त्यांनी माझा दंड धरला. “अगं, आवाज बदललाय याचा!”

मी नुसतं बघितलं. त्यांनी दंड सोडला.

दुसऱ्या संध्याकाळी टीव्हीवर पुन्हा माकड. सासरे माझ्याकडे वळले, तर सासूबाईच म्हणाल्या, “असू द्या हो, लेकरूच हाय अजून!” आणि चहाचा पहिला कप माझ्या हातात दिला.